चौथ्या चाकाचा रंग

आयुष्यात एकदाच घाई केली आणि उरलेलं सगळं आयुष्य त्या घाईचं प्रायश्चित्त घेण्यात घालवलं, असा माणूस मंडणगडापासून राजापुरापर्यंत शोधूनही दुसरा सापडला नसता. आणि जो एक होता तो माझ्या ताईच्या वाट्याला सासरा म्हणून आला. ही गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची. मी रत्नागिरीच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो, खानावळीत जेवत होतो, आणि रविवारी ताईच्या घरी माणसासारखं जेवायला मिळावं म्हणून वाट्टेल ते सोसायला तयार होतो. जे सोसावं लागलं त्याला टर्पेंटाईनचा वास होता. सुनेचा भाऊ हा प्राणी घरात फार उपयोगी असतो. तो पाहुणा असतो म्हणून लवकर घरी जात नाही आणि मुलीकडचा असतो म्हणून कशाला नाही म्हणत नाही. ताईच्या सासऱ्यांनी हे पहिल्याच रविवारी ओळखलं आणि जेवण होऊन मी सुपारी तोंडात टाकतो न टाकतो तोच माझ्या हातात काचकागद दिला.

ते बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, चश्म्याच्या काडीच्या जागी सुतळी, आणि धोतरावर खाकी कोट, ज्याच्या चार खिशांत फूटपट्टी, पेन्सिल, चुना तपासायची डबी आणि तपकिरीची डबी अशी चार दैवतं असत. शेवटच्या दोघांची कधी कधी अदलाबदल होई. नोकरीत त्यांनी बांधलेल्या मोऱ्या अजून भक्कम उभ्या आहेत. त्यांपैकी काहींवरून रस्ता कधी गेलाच नाही, तो दोष त्यांचा नव्हे. निवृत्त होताना त्यांना एक मोटार मिळाली. म्हणजे झालं असं, की त्यांचा वरचा साहेब विलायतेला परत जाताना आपला कुत्रा एका पाद्र्याला आणि आपली मोटार ह्यांना देऊन गेला. गावाचं म्हणणं, दोहोंपैकी कुत्र्याची प्रकृती बरी होती. मोटारीचं इंजिन मात्र खणखणीत होतं, टपही शाबूत होता. खराब होती ती चाकं. लाकडी आऱ्यांची, जाड, हिरव्या रंगाची ती चाकं म्हणजे बैलगाडीच्या चाकांची शहरात शिकून आलेली भावंडं. खाऱ्या हवेने त्यांच्या रंगाचे पोपडे निघत होते आणि एकेका पोपड्याखाली आधीच्या कोणत्या तरी मालकाच्या आवडीचा दुसराच रंग दिसत होता.

आता त्या घाईची हकिकत. मुंबईच्या कुणा रंगवाल्याने त्या वेळी नव्या तऱ्हेचा रंग आणला होता. आपला नेहमीचा रंग बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा; तो सुकायला आपल्याकडच्या हवेत चार दिवस, पावसाळ्यात चार महिने. हा नवा रंग म्हणे अर्ध्या तासात सुकतो! त्याच्याबरोबर थिनर नावाचं उग्र वासाचं पाणी येई, त्यात तो पातळ करायचा. ताईच्या सासऱ्यांनी डबा मागवला, साय काढलेल्या दुधाच्या रंगाचा, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी चाकांना पहिला हात दिला. तो खरोखर अर्ध्या तासात सुकला. ते इतके हरखले, की दुसऱ्या दिवशी दुसरा हात चारचौघांदेखत द्यायचं त्यांनी ठरवलं आणि आळीत माणूस पाठवून निरोप दिला: सकाळी दहाला चाकांना रंग देण्यात येईल, सव्वादहाला पोहे आणि पन्हं, साडेदहाला रंग सुकलेला असेल.

मंडळी जमली. आळीतले वकील, शाळेतले एक मास्तर, पोस्टमास्तर, आणखी दहापाच जण. सासऱ्यांनी सोवळ्याने पूजा करावी तसा ब्रश फिरवला. चाक आरशासारखं झळकलं आणि मंडळी पोह्यांकडे वळली. दुसरा घास तोंडात असतानाच मास्तर म्हणाले, "हे काय होतंय हो?" पाहतो तो चाकाच्या अंगावर हळूहळू सुरकुत्या उठत होत्या. आधी मुंगीच्या वाटेएवढ्या, मग गांडुळाएवढ्या. खालचा हिरवा रंग फुगून उठला, त्याने वरचा उचलला, आणि पाच मिनिटांत चारही चाकांची कातडी पिकून पडलेल्या फणसासारखी झाली. पोस्टमास्तर फार सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "नक्षी मात्र सुरेख उठली आहे." कोणी हसलं नाही. रत्नागिरीचे लोक तोंडावर हसत नाहीत. ते घरी जाऊन, हातपाय धुऊन, नीट बसून हसतात.

सासऱ्यांनी एक बोट चाकाला लावलं. रंगाचा हातभर पदर केळीच्या सोपटासारखा सुटून त्यांच्या बोटाला लोंबू लागला. त्याच्याकडे पाहत ते एवढंच म्हणाले, "खाली काय आहे ते मी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून ते विचारू लागले. आणि काय विचारू लागले! आधी मोटारीच्या चाकांना. थिनरमध्ये बुडवलेली चिंधी चाकाच्या आतल्या बाजूला, कोणाची नजर जाणार नाही अशा जागी दाबून धरायची, शंभर अंक मोजायचे आणि मग पाहायचं. खालचा रंग मऊ पडला, चिंधीला लागला, तर तो कच्चा. त्याच्यावर नवा रंग चढवला की तो उठणार. जागचा हलला नाही तर पक्का, त्याच्याशी जमेल. शंभर मोजायचं काम माझ्याकडे असे. मी साठाला पोचलो की ते म्हणत, "घाई नको," आणि मला पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागे. चाकांची परीक्षा झाल्यावर त्यांनी ती रीत घरात आणली. अंगाला लावायचा साबण बदलला तर तो आधी आठ दिवस नुसत्या डाव्या कोपराला. खोकला झाला म्हणून वैद्याचं औषध चालू होतं; ते सोडून डॉक्टरचं घ्यायचं ठरलं, तेव्हा मध्ये एक महिना त्यांनी काहीच घेतलं नाही, का तर जुनं पुरतं सुकू दे. त्या महिन्यात खोकलाच गेला आणि डॉक्टर, वैद्य दोघांनीही त्यांच्याशी बोलणं सोडलं. घराला चुना काढायचा तेव्हा आधी गोठ्याच्या मागच्या भिंतीवर हातभर चौकोन काढून सहा महिने पाहिला. म्हैस रोज त्यावर अंग घाशी. "हीसुद्धा परीक्षाच आहे," असं म्हणून ते म्हशीला हाकलत नसत.

गावाने त्यांना सल्ले दिले. रत्नागिरीत आंब्याखालोखाल पिकणारी गोष्ट सल्ला आणि तो नासत नाही. कोणी म्हणे चाकांना बिब्ब्याचं तेल चोपडा, कोणी म्हणे कोकमतेल. वकिलांनी सुचवलं, रंगवाल्यावर नोटीस द्या. ज्यांनी जन्मात ब्रश धरला नव्हता ते "त्यात काय मोठंसं" म्हणत. उपयोगाचा सल्ला दिला एकट्या भिकाजीने. भिकाजी मिऱ्या बंदराचा, होड्या बांधून रंगवणारा सुतार, सत्तरीचा. तो बाजाराला जाताना सहज डोकावला, फणस झालेली चाकं पाहिली आणि खांद्यावरचं घोंगडं सावरत म्हणाला, "रावसायब, ह्यो नवा रंग लय तिखट हाय. त्याचा पाणी खालच्या तेलाच्या रंगाला खातां. जुनां सगळां खरवडून लाकडापर्यंत जावा. नायतर मधी लाख मारा, म्हंजे वरच्याचा नि खालच्याचा तोंड एकमेकाला दिसायचा नाय."

"लाख? कसली?"

"चपडी लाख वो. इस्पिरिटात इरघळवायची. आमी गाठीवर मारताव, डिंक वर येव नये म्हनून."

सासऱ्यांनी मोऱ्या बांधणाऱ्या माणसाचा सगळा अभिमान गिळला आणि भिकाजीला ओटीवर बसवून चहा दिला. पुढे तो म्हातारा दर आठवड्याला येई, दोघे चाकापुढे उकिडवे बसत आणि तासभर काही न बोलता त्याच्याकडे पाहत. ताई म्हणे, एवढं मन लावून ह्या घरात कोणी देवाकडे पाहिलेलं नाही.

हे असं चालू राहिलं असतं आणि चाकांना काहीच घाई नव्हती. पण घरात यमू होती. यमू म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, माझ्या ताईची नणंद. वीस पुरी झालेली, सावळी, हुशार, वडिलांसारखीच उंच. त्या काळात वीस वर्षांची मुलगी घरात असणं म्हणजे आळीतल्या प्रत्येक बाईला हळहळायचा परवाना. दोन स्थळं उंचीवरून फिरली. तिसरं जवळजवळ ठरलं होतं, तेही मोडलं. आणि त्याची गोष्ट सासऱ्यांनी मला एकदाच, चाक खरवडता खरवडता सांगितली. मध्यस्थाने यमूचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी खरं वय कळलं आणि पाहुणे न जेवता उठून गेले. "मी खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले, "पण मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. पोरगी माजघरात उभी होती, तिने सगळं ऐकलं." एवढं बोलून त्यांनी खरवडायची काच पुन्हा चाकाला लावली आणि जरा जास्तच जोराने ओढली.

चौथं स्थळ आलं सोलापूरचं. मुलगा तिथल्या एका गिरणीत रंगखात्यात होता. ह्या वेळी सासऱ्यांनी पहिल्याच पत्रात यमूचं वय, उंची, वर्ण आणि लहानपणी पडून तुटलेला अर्धा दात इतकं सगळं कळवलं, की ताई म्हणाली, हे स्थळासाठी पत्र आहे की पोलिसांत वर्दी? आश्चर्य म्हणजे होकार आला. पत्राबरोबर यमूचा मोटारीशेजारी उभी राहून काढलेला जुना फोटो गेला होता. तो पाहून मुलाच्या वडिलांनी अट घातली, की नवरदेव जानवशापासून मांडवापर्यंत मोटारीतून आला पाहिजे. आणि मुलाच्या आईने यमूबद्दल काही न म्हणता एवढंच कळवलं, की मोटारीची चाकं काळी दिसतात. मंगल कार्यात काळं नको. फोटोत हिरवं काळंच येतं. पण व्याह्यांना प्रकाशशास्त्र कसं शिकवायचं? सासऱ्यांनी लिहिलं, "चाकं दुधी रंगाची करून ठेवतो." चाकांवरचे टायर काळेच असतात आणि काळेच राहणार, हे सोलापुरात किंवा रत्नागिरीत कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

मुहूर्त वैशाखातला. हाताशी पाच महिने. दुसऱ्या कोणी पाच दिवसांत उरकलं असतं. सासऱ्यांनी मोटार दगडांवर चढवली, चारही चाकं उतरवली आणि एका चाकाला एक महिना असा बेत आखला. जुने रंग काचेच्या तुकड्यांनी खरवडायचे. सोड्याच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा घालवायचा. उन्हात वाळवायचं. मग चपडी लाखेचा हात, माशीच्या पंखासारखा पातळ. मग दुधी रंग, तोही तसाच पातळ, आणि प्रत्येक हातानंतर आठ दिवस थांबायचं. "जाड हात देणारा माणूस आळशी असतो," ते म्हणत. "एकदाच देऊन मोकळा व्हायला बघतो." तीन चाकं अशी उतरली, की त्यांत तोंड पाहून भांग पाडावा. पोस्टमास्तरांनी खरोखरच पाडला.

चौथ्या चाकाने घात केला. ते मूळ जोडातलं नव्हतंच. साहेबाच्या कुणा ड्रायव्हरने वाळवी लागू नये म्हणून त्या चाकाला कधी काळी डांबर पाजलं होतं आणि वरून हिरवा रंग फासून ठेवला होता. चिंधीच्या परीक्षेत चिंधी तपकिरी झाली तेव्हाच सासऱ्यांचा चेहरा उतरला. खरवडलं, धुतलं, लाख दिली, रंग दिला. चार दिवस चाक पांढरं शुभ्र. पाचव्या दिवशी, आरे जिथे मधल्या गड्ड्यात शिरतात तिथे, चहाचा थेंब सांडावा तसा एक डाग. दुसऱ्या दिवशी तीन. पुन्हा खरवडलं, पुन्हा लाख, दोन हात. चैत्राच्या उन्हाने लाकूड तापलं आणि आतलं डांबर पुन्हा वर आलं. भिकाजीने चाकाला नाक लावून वास घेतला आणि मान हलवली. "ह्यां मुरलां हाय वो. एक पावसाळा उघडां पडूं द्या. आता काय हट्ट करून भागायचां नाय."

"लग्न आठ दिवसांवर आलंय, भिकाजी."

"तां चाकाला काय ठावक?"

लग्नासाठी ताईचे यजमान मुंबईहून आले. ते तिथे पोस्टात होते आणि मुंबईच्या माणसाला असतो तसा त्यांना प्रत्येक गोष्टीवर तोडगा होता. ते म्हणाले, "बाबा, वरून एक जाड हात मारा आणि सोडा. डाग यायला चार दिवस लागतात ना? लग्न दोन दिवसांचं."

सासरे मुलाकडे वळले. "लग्न दोन दिवसांचं?" त्यांनी विचारलं. ताई दारात उभी होती. ती आत निघून गेली, पण तिचे यजमान त्या रात्री जेवताना फार नम्रपणे वागले असं मला नंतर कळलं.

वऱ्हाड सीमांतपूजनाच्या दिवशी दुपारी आंबा घाट उतरून उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने आलं, तेव्हा आमच्या मांडवाच्या दारातला देखावा असा: तीन चाकं दुधासारखी, आणि चौथ्या चाकापुढे मुलीचा बाप उकिडवा बसून काचेने रंग खरवडतोय. सकाळीच त्यांनी निकाल लावला होता. त्या आठवड्यात आणखी एकदा लाख आणि रंग देऊनही डाग पुन्हा आले होते, आणि त्यांनी सगळे हात काढून चाक लाकडापर्यंत नेलं होतं. व्याही त्यांना भेटायला हात पसरून आले, तेव्हा ह्यांच्या एका हातात काच होती आणि दुसरा रंगाच्या भुकटीने माखलेला. भेट कोपरांनी झाली.

व्याही आडदांड अंगाचे, घाटावरचा मोकळा आवाज. चाकाकडे लक्ष जाताच ते गरजले, "अहो, हे काय लावलंय? तीन नटलेली आणि हे एक नागडं?"

सासऱ्यांनी त्यांना डांबराची हकिकत सुरुवातीपासून सांगितली. साहेबाच्या ड्रायव्हरपासून. काही वगळलं नाही. ऐकता ऐकता व्याह्यांचा चेहरा तांबडा होत गेला.

"मग फासा की काहीतरी वरून! उद्या गोरज मुहूर्त. कोण बघतंय आत काय आहे ते?"

"तेच करायचं नाही मला," सासरे म्हणाले.

मग सल्ल्यांना ऊत आला. मास्तर म्हणाले, झेंडूच्या माळा गुंडाळा. पोस्टमास्तर म्हणाले, दुधी कागद चिकटवा, माझ्याकडे डिंक आहे. वकिलांचं म्हणणं, गाडी अशी उभी करा की ती बाजू भिंतीकडे राहील. पुराव्यातच आलं नाही तर प्रश्नच नाही. सासरे ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. शेवटी ते उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "ह्या घरातून एकदा झाकून झालं आहे. त्याचं काय झालं ते मी पाहिलं. चाक आहे हे असं आहे. मी दुधी करतो म्हणालो होतो, ते मला जमलं नाही. त्याबद्दल मी तुमचे पाय धरीन. पण झाकणार नाही."

"मग आमचा मुलगा ह्या गाडीत बसणार नाही," व्याही म्हणाले. "आणि बैलगाडीतून तर आम्ही आणणारच नाही. बघा तुम्ही काय ते!" असं म्हणून ते जानवशाकडे चालू लागले. वाजंत्रीवाल्याने सनई तोंडाला लावली होती ती तशीच खाली घेतली. ताईच्या सासूबाई आत देवापुढे जाऊन बसल्या. मला न जेवता उठून गेलेले पाहुणे आठवले. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, तरी आठवले.

तेवढ्यात ताई बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "यमूने निरोप दिलाय. बाबांना सांग म्हणते, की चाकाला हात लावू नका. तिच्यासाठी तर नकोच." मी तो सासऱ्यांना सांगितला. त्यांनी ऐकला, काच खाली ठेवली, आणि दोन्ही हात पंच्याला पुसले. पुन्हा पुन्हा पुसले. पुसण्यासारखं त्यांवर आता काही राहिलं नव्हतं.

अर्ध्या तासाने जानवशाच्या बाजूने नवरा मुलगा एकटाच चालत आला. लग्नाच्या आधी नवऱ्याने असं मुलीच्या दारात येणं म्हणजे आळीतल्या बायकांना पुढची दहा वर्षं पुरेल एवढा मजकूर. सडपातळ, ठेंगणा, चश्मेवाला. बोटांची नखं निळी, गिरणीतल्या रंगाने कायमची. तो सरळ चाकापाशी गेला, खाली बसला, आणि गड्ड्याच्या खाचेत नख घालून पाहिलं.

"डांबर?" त्याने विचारलं.

"डांबर," सासरे म्हणाले.

"लाख दिली होती?"

"तीनदा. उन्हाने ताप लागला की आऱ्यांच्या सांध्यातून वर येतं."

"येणारच. आमच्याकडे सुताला तेलाचा डाग असला की वर कोणताही रंग द्या, तो डाग वर येतो. ठाणंच्या ठाणं वाया. आमचे गिरणीतले मास्तर म्हणतात, धुवा. कंटाळा आला तरी धुवा." त्याने नख रुमालाला पुसलं. "रॉकेलमध्ये भुसा भिजवून सांध्यात ठासून पाहिलात? ओढून घेईल कदाचित."

सासरेही खाली बसले. "भुसा? कोणत्या लाकडाचा?"

आणि मग दोघे बोलतच बसले. भुसा साध्या लाकडाचा की सागाचा, किती दिवस ठेवायचा, लाख जुनी असली तर पांढरट का पडते, दमट हवेत स्पिरिट का दगा देतं. मांडवात शंभर माणसं उभी, वाजंत्रीवाला खोळंबलेला, आणि सासरा-जावई एका उघड्या चाकापुढे उकिडवे. शेवटी मुलाला शोधत त्याचे आईवडील आले. व्याह्यांनी तोंड उघडायच्या आत मुलगा उभा राहिला.

"आई, तुझी अट काय होती? काळं नको, एवढीच ना?"

"हो," त्या म्हणाल्या.

"मग हे बघ. हे काळं आहे का?"

त्या बाईंनी पदर सावरला, वाकून चाक पाहिलं, हात फिरवून पाहिलं. पुन्हा पुन्हा काचेने घासलेलं लाकूड; त्याचे रेषे मधासारखे चमकत होते. "लाकूड आहे हो," त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. "पाटासारखं लागतंय हाताला. उद्या ह्याला पाटावरच उभं करायचंय ना? तो पाट कुठे रंगवतात?" आणि बरोबरच्या बाईच्या हातातल्या तबकातलं कुंकू घेऊन त्यांनी चाकाला एक बोट लावलं. सनई तत्काळ सुरू झाली. वाजंत्रीवाला फार धोरणी होता.

व्याही तेवढ्यावर गप्प बसणारे नव्हते. "मग बाकीची तीन कशाला रंगवली?" ते पुटपुटले. ह्या प्रश्नाला साऱ्या रत्नागिरीत उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरदेव त्याच मोटारीतून आला. सासऱ्यांनी स्वतः चालवली, वाजंत्रीवाल्यांना पुढे पळावं लागू नये इतकी सावकाश. उघडं चाक रस्त्याच्या बाजूलाच होतं आणि आळीतले सगळे ओट्यांवर उभे राहून ते पाहत होते. हसायला त्या दिवशी कोणी घरी गेलं नसावं, कारण जेवायला सगळे हजर होते.

त्या पावसाळ्यात चाक पडवीत टांगून ठेवलं होतं. सोलापूरहून जावयाची पत्रं येत, भुशाबद्दल, रॉकेलबद्दल, नव्या कुठल्या मातीबद्दल, आणि सासरे तसतसं करत. दर पत्राच्या शेवटी यमूच्या हातच्या दोन ओळी असत: सर्व क्षेम, आईला नमस्कार. ताईने एकदा मला हळूच सांगितलं, की मामंजी पत्र उघडतात ते मागून, आणि आधी त्या दोन ओळी वाचतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर डांबर यायचं थांबलं आणि चाकाने रंग घेतला. चार चाकं सारखी झाली. नवख्या माणसाला त्यातलं चौथं ओळखता येत नसे. पण कोणी विचारलं, की सासरे लगेच बोट दाखवत आणि मग त्या माणसाचा तास जाई. पुढे भिकाजी गेला. सासऱ्यांच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं तशी मोटारही घरातून गेली. कुणा सर्व्हिसवाल्याने नेली. ती देताना त्यांनी त्याला ताकीद दिली होती, की चाकांना बेलतेलाचा रंग लावायचा तर आधी मला विचार. तो काही विचारायला आला नाही.

माझी दाभोळला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. श्रावणातली दुपार होती. ते ओटीवर झोपाळ्यावर बसले होते, मांडीवर सोलापूरचं पत्र. यमू बाळंत होऊन तीन महिने झाले होते, दुसरा मुलगा. पहिल्यालाही त्यांनी एकदाच पाहिलं होतं. एवढ्या लांबून लहान पोरं घेऊन घाट उतरून येणं काही सोपं नव्हतं. मी शेजारी बसलो.

"तिकडची हवा कोरडी आहे हो," मग ते म्हणाले. "जावई लिहितात, दुपट्यांचं ढीगभर धुणं तासाभरात सुकतं. रंगाचंही तसंच. दोन दिवसांत खणखणीत."

"आपल्याकडे ओल फार," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. "इथली ओल जात नाही."

त्यांनी सुतळीचा चश्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने काचा पुसू लागले. पुसून झाल्यावरही चश्मा घातला नाही, तसाच हातात धरून बसले. ताईने आतून चहाला हाक मारली. आम्ही दोघेही उठलो नाही.